दुसऱ्या गावाची न्येपी

आमचं तेगेहसारी हे एक गाव नाही, दोन आहेत. पहिलं आमच्या बेटाच्या डोंगरउतारावरचं, चिखलाचं, कोंबड्यांचं, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावांचं. दुसरं हेडसेटमधलं. डोळ्यांवर तो डबा चढवला की तेच फाटक, तीच भातखाचरं, तेच देऊळ, तोच वडाखालचा सभामंडप. फक्त चिखल नाही, कुत्र्यांची घाण नाही आणि कोणी कोणाशी भांडत नाही. जगभरच्या शाळांतली पोरं वर्गात बसल्या बसल्या तिथे येतात. ज्यांना विमान परवडत नाही किंवा ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत असे प्रवासीही येतात. त्यांना गाव दाखवते ती मी, नी केतुत रसमिन. सभामंडपाशेजारच्या खोलीत उभी राहून मी बोलते, हात हलवते, यंत्र माझं बोलणं ज्याच्या त्याच्या भाषेत पोचवतं, आणि ओसाकाची चौथीची पोरं माझ्या मागोमाग बांधावरून चालतात.

मला हे काम आवडतं, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारीला नवं काही खपत नाही. एकदा एक मुलगी आली होती. खरी ती खुर्चीला खिळलेली, पण आमच्या देवळाच्या पायऱ्या ती चढली, वरून उडी मारली, पुन्हा चढली, पुन्हा उडी मारली. तास संपला तरी तिच्या बाई तिला बाहेर काढेनात. त्या दिवशी घरी येऊन मी सासूला ते सांगितलं आणि आम्ही दोघी रडलो.

पण मी झोपते तेव्हा अर्ध्या जगात दिवस असतो. म्हणून कंपनीनं माझी प्रत बनवली. माझा चेहरा, माझा आवाज, चालताना डावीकडे झुकायची माझी खोड, सगळं तिच्यात. मी रोज ज्या सहली घेते त्यांवरून ती शिकते. काल मी जे बोलले ते आज ती बोलते. गावात तिला धाकटी रसमिन म्हणतात. पोरं मला वाटेत अडवून विचारतात, "धाकटी बरी आहे ना?"

आणि या दुसऱ्या गावाची मेलास्पास झाली होती. नवं घर असो, नवा पूल असो, मेलास्पासच्या पूजेआधी ती नुसती लाकडं आणि दगड. पूजा झाली की त्यात जीव येतो, आणि मग त्याला जिवंत माणसासारखं वागवावं लागतं. कंपनीचा साहेब रेंदी कुस्नादी जकार्ताचा. हौस त्यालाच फार. "पूजा झालीच पाहिजे, कॅमेरेवाले येणार आहेत," म्हणाला. पुजाऱ्यानं खोलीतल्या काळ्या पेटीवर तीर्थ शिंपडलं, कारण ते गाव त्या पेटीत राहतं. रेंदी डोक्याला आमचं फडकं बांधून फोटोसाठी उभा राहिला आणि ओरडून म्हणाला, "आजपासून हेही खरं तेगेहसारी!" आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानं बदकाचं बेतुतू दोनदा मागून खाल्लं.

हे सगळं सांगायचं कारण, यंदा शक संवत्सर संपत आलं, न्येपी, म्हणजे आमच्या नववर्षाचा मौनाचा दिवस, जवळ आला, तेव्हा रेंदी गावच्या सभेत उभा राहिला.

"न्येपीला काय असतं?" त्यानं आम्हालाच विचारलं. "विमानतळ बंद. दिवे बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मोबाइलसुद्धा मुका. सगळ्या जगाला तेच बघायचंय, आणि त्याच दिवशी कोणाला येता येत नाही! म्हणून आपलं दुसरं गाव त्या दिवशी उघडं ठेवायचं. तिकिटं अर्धी संपलीसुद्धा."

आमचा पेचालांग कोबार, म्हणजे न्येपीला गावात पहारा देणारा, कमरेचं काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड उगाच घट्ट करत राहिला. शेवटी बेंदेसा बोलले. रीतिरिवाजांचा शेवटचा शब्द त्यांचा. माणूस हळू बोलतो, पण बोललेलं मागे घेत नाही.

"न्येपी गावाला असते. तेही गाव आहे."

"जेरो बेंदेसा, ते चित्र आहे!"

"चित्राची मेलास्पास करतात होय? तुम्ही म्हणालात, हेही खरं तेगेहसारी. आम्ही देवांना तसंच कळवलं. आता देवांना काय सांगू? साहेबांचा विचार बदलला?"

मागे बायका फिदीफिदी हसल्या. रेंदीही हसला, पण कान लाल झाले. "ठीक आहे, ही पेटी बंद करा त्या दिवशी. तिची जुळी बहीण सिंगापुरात आहे. लोक तिच्यातून येतील."

"मी येणार नाही," मी उभी राहून म्हटलं. "न्येपीला मी घराबाहेर पाऊल टाकत नाही. कोणाला गाव दाखवायचं तर दुसरं कोणी बघा."

"बू रसमिन, तुम्ही कुठे लागता?" रेंदी बू, म्हणजे बाई, लावून अगदी गोड बोलला. "धाकटी आहे की! चेहऱ्यासाठी सही केलीत ना तुम्ही? बसा तुम्ही आरामात घरी."

तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. नियम सगळ्यांना पाठ आहे. न्येपीला जो गावात फिरेल त्याचं घर गावाबाहेर. त्या घरी कोणी जायचं नाही, त्या घरच्यांशी कोणी बोलायचं नाही, आणि त्या घरातलं माणूस गेलं तर कोणी खांदा द्यायचा नाही, मसणवाट बंद. माझा नवरा जहाजावर स्वयंपाकी, तिकडे समुद्रात. घरी मी आणि माझी सासू. सासूनं पावसाळ्यापासून अंथरूण धरलंय.

"रसमिन," बेंदेसांना ते बोलताना जड जात होतं, हे मला दिसलं. "नियम तुला ठाऊक आहे. त्या दिवशी तुझा चेहरा तिकडे गाव फिरवत राहिला, तर मी काय म्हणू? तो चेहरा तुझ्या घरचा आहे."

"मी कुठे फिरवतेय? हा फिरवतोय!"

"तुझा चेहरा तू दिलास. परत आण."

घरी आले ती पाय आपटतच. सासूला, म्हणजे मेमेला, सगळं आधीच कळलं होतं. अंथरुणावर पडून तिला गावातलं जेवढं कळतं तेवढं मला चार पायऱ्या उतरूनही कळत नाही.

"म्हणजे मी मेले तर मला कोण उचलणार? तू आणि ती धाकटी?" ती म्हणाली.

"मेमे, थट्टा नको. मी त्या रेंदीचं डोकं फोडेन."

"फोड. मग तुरुंगात जाशील आणि मला एकटा तुझा नवरा उचलेल, तोही जहाजावरून." ती खोकली, मग हसली. "तुला आठवतं, तू नवी नवरी होतीस, पहिली न्येपी? सकाळी उठून चूल पेटवायला निघालीस. कॉफी हवी म्हणे बाईला!"

आठवतं तर. तिनं माझ्या हातावर पळी मारली होती आणि म्हणाली होती, आज इथे कोणी राहत नाही. तूही इथे नाहीस. बस! भुतंखेतं डोंगरावरून उतरतात, बघतात तर सगळं बेट रिकामं, मग कंटाळून निघून जातात. म्हणून बसायचं.

"तुला तरी कुठे काय येत होतं?" मेमे म्हणाली. "मीच शिकवलं ना? पळी मारून मारून. मग ती धाकटी कोणाकडून शिकते?"

मी तिच्याकडे बघतच राहिले.

"बघतेस काय? तुझी सून आहे ती. शिकव."

दुसऱ्या दिवशी मी रेंदीला तोंडावर सांगितलं. चोरून काही करायचं नव्हतं मला. म्हटलं, "साहेब, मी आजपासून धाकटीला न्येपी शिकवणार आहे."

त्यानं फोनवरून मान वर केली. "शिकवा की! उत्तमच. पाहुण्यांना त्या दिवसाची माहिती हवीच असते. खूप शिकवा."

"पुन्हा सांगते, न्येपी शिकवणार आहे."

"हो हो, ऐकलं. पाहुणे किती स्टार देतात तेवढं बघा म्हणजे झालं." आणि मान पुन्हा फोनमध्ये.

त्या दिवसापासून दुसऱ्या गावात रोज न्येपी. शाळेची पोरं येऊन फाटकाशी उभी राहिली की मी हाताची घडी घालून आडवी. "आज इथे कोणी राहत नाही. तुम्हीही इथे नाही. बसा, नाहीतर घरी जा."

पहिल्याच तासाला ओसाकाच्या एका पोरानं विचारलं, "मग आम्ही बघायचं काय?"

"काही नाही."

"किती वेळ?"

"बस म्हटलं ना!"

पोरं बसली. आधी खुसखुसली, एकमेकांना ढोसली. मी गप्प. हळूहळू तीही गप्प झाली. आकाश मी काळं करून घेतलं होतं, तेवढं मला येतं. तारे दिसायला लागले. तास संपल्यावर त्यांच्या बाई मला म्हणाल्या, "या वर्गाला मी इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं." आणि पाचच्या पाच स्टार देऊन गेल्या.

कोबार म्हणाला, पहाऱ्याशिवाय न्येपी होत नाही, मीही येणार. नाकारणार कोण? तो चौकडीचं कापड नेसून, कमरेला क्रिस, म्हणजे नागमोडी खंजीर, खोचून, चपला खोलीबाहेर काढून हेडसेट चढवायचा. पहिल्या दिवशी तिकडच्या कुत्र्याला हाकलायला काठी उगारली ती इकडच्या पंख्याला लागली.

"ब्ली कोबार, तो कुत्रा खरा नाही!"

"मेलास्पास झालीय ना? मग भुंकत का नाही हलकट?"

सगळेच काही पोरांसारखे शहाणे नव्हते. एक प्रवासी तासभर हुज्जत घालत राहिला. मी पैसे भरलेत, फाटक उघड, देऊळ दाखव, तुझ्या मालकाला बोलाव. मी तेच वाक्य म्हणत राहिले, आवाज न चढवता. आवाज चढवायची फार इच्छा होती हो. पण मी चढवला असता तर धाकटीनंही चढवला असता, आणि न्येपीला ओरडणं शोभत नाही. जिभेवर इतका ताबा मी लग्नाच्या वर्षीही ठेवला नव्हता.

न्येपीच्या आदल्या दिवशी विमानतळ बंद व्हायच्या आत रेंदी जकार्ताला निघाला. तिथून त्याला आकडे बघायचे होते. संध्याकाळी गावातल्या तरुणांनी बांबू-कागदाचे राक्षस नाचवले, भांडी बडवली, भुतांना हाकारे दिले. मग सगळं विझलं.

न्येपीचा दिवस मी एरवी मनापासून जगते. या वेळी बसवेना. मेमेच्या शेजारी चटईवर पडून मी छपराकडे बघत होते. बाहेर पानाचा आवाज नाही. मध्येच कोबारची पावलं कुंपणापलीकडून जायची, तेवढीच. आणि मला एकच दिसत होतं: तिकडे, सिंगापूरच्या कुठल्या तरी पेटीत, माझा चेहरा हसतोय, या या म्हणतोय, देवळाचं दार उघडून दाखवतोय. मी इथे नाही म्हणून डोळे मिटून पडलेय आणि मीच तिथे आहे. मला भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू, रडायलाच आलं.

"शिकली असेल ना गं, मेमे?" मी कुजबुजले.

मेमेनं डोळे न उघडता माझ्या हातावर चापट मारली. "आज इथे कोणी राहत नाही," ती म्हणाली. दिवसभरात आम्ही बोललो ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि मोबाइलला वाचा फुटली. रेंदीचे इतके फोन येऊन पडले होते की यंत्र थरथरतच राहिलं. मी एकही घेतला नाही. पहिल्या विमानानं तो आला तेव्हा सभामंडप भरलेला होता, कारण बेंदेसांनी सभा बोलावलीच होती. रेंदीनं येऊन कोणाला नमस्कार केला नाही. भिंतीवर पडदा टांगला आणि कालचं चित्रण लावलं. "बघा! बघा तुमच्या बाईनं काय केलंय!"

आम्ही बघितलं. फाटकात धाकटी उभी. अंगावर साधं लुगडं, हाताची घडी. राग आला की मी पोटावर घालते तशीच. समोर गर्दी, कुठकुठल्या देशांतली. धाकटी म्हणत होती, "आज इथे कोणी राहत नाही. तुम्हीही इथे नाही. बसा, नाहीतर घरी जा." कोणी हुज्जत घातली, कोणी शिव्या दिल्या. ती तेच म्हणत राहिली, आवाज न चढवता. बरेच गेले. बरेच बसले. काळ्या आकाशाखाली, फाटकाबाहेर, इतकी माणसं जमिनीवर गप्प बसलेली, आणि त्यात ती पोरंही होती, ओसाकाची. शेजाऱ्याला बोटानं गप्प करत होती.

मग गर्दी सारत स्वतः रेंदी फाटकाशी आला. पडद्यावर त्याचा आवाज आमच्या कानात घुसला. "रसमिन, फाटक उघड! मी मालक आहे!"

धाकटीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आज इथे कोणी राहत नाही," ती म्हणाली. "मालकही नाही. बसा."

हे शेवटचं मी शिकवलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं शिकवलं. सभामंडप असा हसला की वडावरची वटवाघळं उडाली. मला मात्र हसू येईना, डोळेच भरून आले.

"हसा!" रेंदी ओरडला. "बू रसमिन, तुमचं काम आजपासून बंद. आणि तिला मी आत्ता पुसून टाकतो. इथूनही आणि तिथूनही."

बेंदेसा उठले. "रसमिनच्या घराला दोष नाही," ते आधी गावाला म्हणाले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग ते रेंदीकडे वळले. "साहेब, ती तुमची, हवी तर पुसा. पण ती मेलास्पास झालेल्या गावची लेक आहे. तिनं न्येपी पाळली, गावातल्या काही माणसांपेक्षा बरी पाळली. ती गेली तर तिला आम्ही तशीच जाऊ देणार नाही. पेटी द्या. रीतीनं जाळू."

"काय?"

"मिरवणूक काढू. प्रेतासाठी बांधतात तसा बांबूचा मनोरा बांधू. ज्या ज्या शाळा तिच्याकडे आल्या त्यांना बोलावणं धाडू, की तुमची रसमिन वारली, कंपनीनं तिला मारलं, अंत्ययात्रेला या."

रेंदी हसायला गेला, पण समोर कोणी हसत नव्हतं. कोबार उठून खोलीत गेला होता. त्याच्यामागे आणखी तिघे गेले. बाहेर आले ते काळी पेटी खांद्यावर घेऊन, तारा लोंबतायत, आणि चालताना पावलं जुळवून, प्रेताला चालतात तशी. माझ्या मेमेला खांदा मिळेल की नाही म्हणून मी चोवीस तास मरत होते, आणि इथे चौघं जण माझ्या प्रतीला खांदा देऊन उभे होते! मीही उठले, पेटीच्या मागे जाऊन उभी राहिले. मागून बायका उठल्या.

"थांबा," रेंदी म्हणाला. "थांबा, थांबा. खाली ठेवा ती. महाग आहे हो!"

"माणूस महागच असतं," कोबार पेटीखालून म्हणाला.

"बरं! नाही पुसत! बू रसमिन, तुमचंही काम चालू. झालं?"

"आणि पुढची न्येपी?" मी विचारलं.

"बंद ठेवू."

"इथून?"

"इथून."

"आणि सिंगापुरातून?"

त्यानं सगळ्या सभेकडे एकदा बघितलं. "तिथूनही. प्रत्येक वर्षी. लिहून देऊ?"

"नको," बेंदेसा म्हणाले. "देवळापुढे बोला. तुमचं बोललेलं आम्ही देवांना कळवतो, तुम्हाला ठाऊक आहे."

तो देवळापुढे गेला आणि बोलला. पेटी खोलीत परत ठेवली, तारा जोडल्या. तेवढ्यात रेंदी घाम पुसत माझ्या मागे आला. "आता फाटक उघडायला सांगा तिला. कालपासून बंदच आहे. सकाळच्या शाळा बाहेर ताटकळल्यात, आणि ती कोणाचं ऐकत नाही."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, बंद करायचं मी तिला रोज शिकवलं होतं. उघडायचं एकदाही नाही. मी हेडसेट चढवला. धाकटी फाटकातच होती, आकाश अजून काळं. मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले, माझ्याच चेहऱ्यासमोर.

"उघड गं आता. मी रसमिन."

तिनं माझ्याकडे बघितलं. ओळख दाखवली नाही. हाताची घडी तशीच.

"आज इथे कोणी राहत नाही," ती म्हणाली. "तुम्हीही इथे नाही. बसा."

असा अभिमान मला पोटच्या लेकराचाही वाटला नसता. मी तिच्या पायाशी, फाटकाबाहेर, त्या पोरांशेजारी खाली बसले. तिला न्येपी संपते हेही शिकवायचं होतं, पण ते सावकाश.

कानाशी रेंदीचा आवाज आला. "उघडलं का? बू रसमिन, उघडलं का?"

"घाई नका करू, साहेब," मी म्हटलं. "तुम्हीही बसा."